मंगळवारचा माणूस

वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला की आमचे अध्यक्ष चष्मा काढून खिशात ठेवतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात, "सांगायला अभिमान वाटतो, आपल्या संस्थेत एकही पगारी माणूस नाही." टाळ्या पडतात. गेली अकरा वर्षं मी त्या कार्यकारिणीवर आहे, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. बेळगावात, खानापुरात, निपाणीकडे, मराठी संस्थांच्या ज्या ज्या सभांना गेले तिथे हेच वाक्य थोड्याफार फरकाने कानावर आलं. हल्ली मात्र टाळ्यांच्या वेळी माझे हात मांडीवरच राहतात. त्याला कारण एक मुलगी.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या वाचनालयात पाच हजारांवर पुस्तकं आहेत आणि त्यांचं रजिस्टर तीन पिढ्यांच्या तीन अक्षरांत. ती आपण होऊन आली. म्हणाली, "मॅडम, शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते. ही यादी कॉम्प्युटरवर घालून देऊ काय?" पहिल्या शनिवारी चार वाजता आली, तर किल्ली चिटणीसांकडे आणि चिटणीस गडहिंग्लजला लग्नाला. तासभर पायरीवर बसून गेली. दुसऱ्या शनिवारी दार उघडं होतं, पण रजिस्टरच्या कपाटाची किल्ली वेगळ्या जुडग्यात होती आणि ते जुडगं घरी राहिलं होतं. तिसऱ्या शनिवारी सगळ्या किल्ल्या हजर. फक्त त्या दिवशी जे गृहस्थ बसले होते त्यांना ती कशासाठी आली आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते म्हणाले, "आलीयस तर बाळ, जरा झाडून घे की." तिने झाडून घेतलं. चौथ्या शनिवारी ती आली नाही. पुढच्या बैठकीत चिटणीस म्हणाले, आजकालच्या पोरांना सेवेची आवड राहिली नाही.

कर्नाटकातल्या १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला सात माणसं लागतात. चालवायला एक तरी लागतो, त्याबद्दल कायदा काही बोलत नाही. सीमाभागात स्वयंसेवक आटले आहेत हे मला मान्य नाही. आटला आहे तो त्यांना धरून ठेवणारा माणूस. आणि तो माणूस आता फुकट मिळणार नाही, हे आपण जितक्या लवकर कबूल करू तितकं बरं.

फुकटपणाचा हा अभिमान आपल्याकडे आला कुठून, तेही बघायला हवं. तो काही कंजूषपणातून आलेला नाही. १७ जानेवारी १९५६ ला इथे गोळीबारात माणसं गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून महाराष्ट्रात जाण्यासाठी सत्याग्रह, मोर्चे, तुरुंग. त्यात उतरलेल्या कुणी भत्ता मागितला नाही, उलट घरची चटणी-भाकरी बांधून नेली. 'सीमाभागातला कार्यकर्ता' म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर आजही तोच माणूस उभा राहतो आणि त्याच्यापुढे पगाराचा विषय काढणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं वाटतं. पण आंदोलनाला माणूस लागतो तो त्या दिवसापुरता. जीव ओतून, घरदार सोडून, पण त्या दिवसापुरता. संस्थेला माणूस लागतो मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. त्या मंगळवारी काहीही घडणार नसतं आणि बाहेर मुसळधार पाऊस पडत असतो.

एका दिवसाचं काम आम्ही किती सुंदर करतो हे ज्याला बघायचं असेल त्याने हिवाळ्यात आमच्याकडच्या एखाद्या ग्रामीण साहित्य संमेलनाला यावं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी. महाराष्ट्रात संमेलन म्हटलं की अनुदान, निधी, रुसवे-फुगवे आठवतात. इथे गावच वर्गणी काढतं. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, दारोदारी रांगोळ्या. पोलीस परवानगीचं नाट्य आदल्या रात्रीपर्यंत रंगलेलं असतं, त्याचीही आता सवय झाली आहे. पहाटेपासून शाळेच्या मागे चुली धडधडत असतात. डेअरीला दूध घालून आलेला माणूस तसाच पंक्तीत आमटीची बादली घेऊन फिरतो, आणि त्याला दुपारच्या परिसंवादाचा विषय काय म्हणून विचारलं तर हसून म्हणतो, "ते तुमचं चालूंदे की, मी भाताकडं बघतो." अशा माणसांच्या जिवावर हजारो श्रोते जेवून, ऐकून, तृप्त होऊन घरी जातात. पैशाने हे होणार नाही आणि व्हायलाही नको.

पण त्याच गावांपैकी एका गावात मी फेब्रुवारीत गेले होते. संमेलन होऊन महिना झाला नव्हता. ग्रामवाचनालयाला कुलूप. खिडकीच्या गजातून आत वर्तमानपत्र टाकलेलं, त्याच्याखाली कालचं, त्याखाली परवाचं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची, म्हणजे वाचनालय चालवणं या मातीला काल-परवा कळलेलं नाही. तरी कुलूप.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जे पाहिलं त्याने तर माझी खात्रीच झाली. वेदगंगेचं पाणी यमगर्णीला महामार्गावर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. तोवर काहीच पोचेना. रस्ता उघडला तसं सगळंच पोचलं, आणि सगळं एकाच ठिकाणी. महामार्गालगतच्या गावांत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एकामागून एक टेम्पो. आत चार-पाच किलोमीटरवरच्या वाड्यांकडे कुणी वळेना, कारण रस्ता कुणाला माहीत नाही आणि सांगायला कुणी नाही. मंगल कार्यालयात कपड्यांचा डोंगर. त्यात जरीची साडी, लग्नातला कोट, एका पायाचा बूट. बायका माझ्या कानात सांगत होत्या, "बाई, साडी नको, सुकं परकर असतील तर बघा. आणि काडेपेटी. आणि म्हशीला वैरण." त्या डोंगरात परकर नव्हते. पोरं मात्र होती, कितीतरी पोरं. दोन दिवस न झोपलेली, चिखलात गुडघाभर उतरलेली, सांगाल ते करायला तयार. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

एका गावात तेवढं तासाभरात वाटप आटोपलं. तिथे काय वेगळं होतं म्हणून बघितलं तर पीकेपीएसचा, म्हणजे गावच्या शेती पतपुरवठा सोसायटीचा, सेक्रेटरी. देवळाच्या कट्ट्यावर सोसायटीची वही मांडीवर घेऊन बसला होता. कुणाच्या घरात किती डोकी, कुणाची किती जनावरं, कोणती म्हातारी एकटी राहते, सगळं त्याला पाठ. टेम्पो आला की तो नावं पुकारायचा आणि पोरं पोती उचलून घरोघर द्यायची. तो काही मोठा समाजसेवक नव्हता, आवाजही तुसडाच होता. तो सोसायटीचा पगारी नोकर होता. रोज तीच वही उघडत होता म्हणून पुराच्या दिवशी ती त्याला उघडता आली. मी त्या कट्ट्यावर उभी होते आणि मला आमच्या अध्यक्षांचं वाक्य आठवत होतं.

रक्तदानाचंही तेच. शिवजयंती, गणेशोत्सव, पुढाऱ्याचा वाढदिवस, आमच्याकडे शिबिरांना तोटा नाही, रांगा लागतात. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, फार तर ४२. प्लेटलेट्स पाच दिवस. सणाला दिलेलं रक्त सणाबरोबर संपतं आणि मग मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, रुग्णाचा भाऊ व्हॉट्सअपवर मेसेज फिरवत बसतो. दाते आहेत, दात्यांची यादीही कुठल्या तरी मंडळाच्या कपाटात आहे. त्या यादीवरून पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी फोन करणारा माणूस नाही.

यावर हटकून ऐकू येणारं उत्तर म्हणजे पूर्वीची माणसं वेगळी होती, ती बिनपगारी झिजली. आपल्याच इतिहासाचं हे चुकीचं वाचन आहे. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बिनपगारी नव्हते, ते मोजक्या वेतनावर राबत होते. १८९० साली टिळक तिथून बाहेर पडले त्या भांडणातही, वेतनाशिवाय बाहेरची कमाई करावी की नाही, हा मुद्दा होता. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तिथेही सेवकाच्या निर्वाहाची सोय संस्थेने करायची असा नियम. बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली ती पुण्याचा हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून. आज तिचा पसारा कुठवर गेला आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको, रोज तिच्या दवाखान्यावरून जातो-येतो. त्याग होताच, पण तो कमी वेतनावर आयुष्य देण्याचा होता. रविवारी दोन तास येऊन फोटोत उभं राहण्याला तेव्हा कुणी त्याग म्हटलं नसतं.

१९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन आम्ही अजून मिरवतो, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहुण्यांना दाखवायला नेतो. त्या अधिवेशनात राबलेले स्वयंसेवक मात्र क्वचितच आठवतात. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी आदल्याच वर्षी हिंदुस्थानी सेवादल उभं केलं होतं. त्यांचा आग्रह एकच होता, स्वयंसेवक शिकवून तयार करावा लागतो. कवायत, शिस्त, कामाची वाटणी. गर्दीतून हौशी पोरं उचलून त्यांच्या छातीला बिल्ला लावला की स्वयंसेवक झाला, असं त्यांना वाटत नव्हतं. आम्हाला शंभर वर्षांनंतर तसं वाटतं.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट, कारण 'स्वयंसेवा' या शब्दाचा गैरफायदा घेणाऱ्यांत सरकार सर्वांत पुढे आहे. आशा कार्यकर्ती ही सरकारी कागदावर स्वयंसेविका. २००५ पासून गावोगाव गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, कोविडात घरोघर तपासणी. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या आमच्या कोगनोळी नाक्याच्या आसपासच्या आशांनी त्या काळात काय काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यांना मिळतं ते मानधन. शब्द बघा, मान आणि धन, आणि दोन्ही पुरेसं नाही. २०२५ च्या जानेवारीत त्या बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात उघड्यावर बसल्या, तेव्हा कुठे आकडा हलला. अंगणवाडी सेविकांचं पद ही सरकारी नोकरी नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल कर्नाटकातल्याच खटल्यातला. पुढे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, सोळा वर्षांनी. ज्या कामाला रोज यावंच लागतं, न आल्यास जाब द्यावा लागतो, ते काम म्हणजे नोकरी. तिला सेवा म्हणणं ही लबाडी आहे, मग ती सरकारने केली तरी आणि आमच्या वाचनालयाने केली तरी.

यात बाईचाच जास्त बळी जातो, हेही सांगून टाकते. संस्थेत बिनपगारी माणूस हवा झाला की नजर पहिल्यांदा वळते ती घरी असलेल्या बाईकडे, "वहिनींना वेळच वेळ असतो." केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७. बिनपगारी स्वयंसेवा, शिकाऊ उमेदवारी आणि तत्सम कामं करणारे लोक त्याच पाहणीत शंभरात जेमतेम अडीच. वहिनींकडे वेळ नाही. त्यांना नाही म्हणायची सोय नाही, आणि तेच आपल्याला वेळेसारखं दिसतं.

पैसे आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. आमच्याकडचा दाता दप्तरं देतो, वह्या देतो, पंखा देतो आणि पंख्यावर वडिलांचं नाव घालतो. पगाराला द्या म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. त्याला वाटतं, आपला पैसा कुणाच्या तरी खिशात गेला. खरं म्हणजे पंख्याखाली बसायला दार उघडं हवं आणि दार उघडायला तो खिसा लागतो. २०२० पासून परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. आम्हा लहान संस्थांचा त्या देणगीशी संबंध नाही, पण मनोवृत्ती तीच, पगार म्हणजे उधळपट्टी. हिशोब मांडून बघते. आमचे सभासद तीनशे. प्रत्येकाने महिन्याला वीस रुपये जास्त दिले तर सहा हजार होतात. रोज संध्याकाळी दोन तास एका माणसाला बसवायचं, कामाचे तास लिहून द्यायचे, आणि त्या रकमेला मानधन न म्हणता पगार म्हणायचं. गेल्या वर्षी शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हांवर आमचा किती खर्च झाला तो आकडा मी इथे लिहीत नाही, चिटणीस रागावतील.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. पगारी माणूस आला की बाकीचे हात काढून घेतात. "तो घेतोय की पगार, त्यानेच करावं." हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे, आणि त्यातल्या एका ठिकाणी तो पगारी माणूस म्हणजे एका पंचाचा भाचा होता, ते वेगळंच दुखणं. यावर हमखास इलाज माझ्याकडे नाही. एवढंच कळतं की पगारी माणसाला स्वयंसेवकाचं काम द्यायचं नाही. त्याने पुस्तकं लावायची नाहीत, मुलांना गोष्टी सांगायच्या नाहीत. त्याने दार वेळेवर उघडायचं, शनिवारी कोण येणार आहे हे लिहून ठेवायचं, शुक्रवारी तिला फोन करायचा आणि ती आली की काम तिच्या पुढ्यात ठेवायचं. बाकीचं तिचं.

तिचं म्हणजे काय, ते २०२३ साली दिसलं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार सुरू होणार म्हणून आमच्या गल्लीत बायकांची झुंबड. अर्ज कन्नडमध्ये, मेसेज कन्नडमध्ये. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी वाचनालयाच्या पायरीवरच (किल्ली नव्हती) मोबाईल घेऊन ठाण मांडलं. त्यातला एक घरचाच कन्नड. त्याने वाचून विचारलं, "यजमानी कोण?" आमची एक मावशी चटकन नवऱ्याचं नाव सांगून मोकळी झाली. मराठीत यजमान म्हणजे नवरा. कन्नडमध्ये यजमानी म्हणजे घरची मुख्य बाई, म्हणजे ती स्वतः. हे कळल्यावर मावशी जी हसत सुटली! "मी व्हय? मी यजमानी?" आठवडाभर ती पोरं बसली. कुणी त्यांना समाजसेवक म्हटलं नाही, त्यांनीही म्हणवून घेतलं नाही. उद्याची स्वयंसेवा मला अशीच दिसते. मेसेज वाचून दाखवणं, आधार आणि रेशनकार्डावरच्या नावातला फरक शोधणं, पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराने रात्री बसून गावच्या संस्थेचे हिशोब लिहून पाठवणं. निबंधक कार्यालयाचं कन्नड पत्र आलं की आमच्या चिटणीसांना ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, आणि गल्लीतली सगळी पोरं शाळेत कन्नड शिकलेली. यावर मला कुणी सीमाप्रश्नाची आठवण करून देऊ नये. १ नोव्हेंबरला मीही काळी फीत लावते.

कॉलेजातल्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं दोन वर्षांत २४० तास भरतात, त्यांचे तास जागेची नोंद दाखवणाऱ्या जिओ-टॅग फोटोंत निघून जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, म्हणजे भाषणं आलीच. मुलांचा वेळ खरा आहे, तो घ्यायला आपल्या दारात कुणी बसलेलं नाही.

गेल्या बैठकीत मी ठराव मांडला. दोन तास वाद झाला, चहा दोनदा झाला. अध्यक्ष म्हणाले, माझ्या हयातीत नको होतं हे. शेवटी पाच विरुद्ध चार असा मंजूर झाला, तोही तीन महिन्यांपुरता, आणि वाढीव वर्गणी मी स्वतः घरोघर जाऊन गोळा करावी या अटीवर. आजवर एक्केचाळीस घरं झाली. काल एका रिटायर्ड सुभेदारांनी वर्षाचे २४० एकदम काढून दिले आणि म्हणाले, "पावतीवर नीट लिहा, कशासाठी ते." आमच्या पावतीपुस्तकात तीन रकाने छापलेले आहेत, देणगी, वर्गणी, अन्नदान. मी तिन्ही खोडले आणि खालच्या कोऱ्या जागेत पेनने लिहिलं, पगार.